दसऱ्यासाठी झेंडू : बेळगाव परिसरात प्रथमच लागवड करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंतच्या महिनाभरात झेंडूला जी मागणी येते, ती वर्षात दुसऱ्या कोणत्याही फुलाला येत नाही. खंडेनवमीच्या सकाळी उद्यमबागेतल्या कारखान्यांमधील लेथ यंत्रांपासून गल्लीतल्या रिक्षांपर्यंत आणि शेतातल्या कुळवापासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक अवजाराला झेंडूचा हार लागतो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक दाराला तोरण लागते. हे पाहून भात, ऊस, बटाटा किंवा तंबाखू याच पिकांची सवय असलेले अनेक शेतकरी पाच-दहा गुंठ्यांत झेंडू लावून पाहण्याचा विचार करतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. झेंडू उगवून आणणे सोपे आहे; तो नेमक्या आठवड्यात भरात आणणे हे खरे काम आहे, आणि म्हणून या लेखात खत-पाण्याइतकेच महत्त्व तारखांना दिले आहे.

फुलाची थोडी ओळख

झेंडू हा सूर्यफुलाच्या कुळातला आहे. शेवंती, करडई आणि आपल्याकडे घटाच्या माळेला लागणारी कारळ्याची पिवळी फुले हे त्याचेच भाऊबंद. या कुळाची खूण समजून घेण्यासाठी एक झेंडू हातात घेऊन तो हिरव्या वाटीसह उभा फाडून पाहावा. आपण ज्याला एक फूल म्हणतो, त्यात प्रत्यक्षात शेकडो बारीक फुले एका वाटीत दाटीने बसलेली असतात. जिला आपण पाकळी म्हणतो, तिच्या बुडाला बारीक, लांबट बी चिकटलेले दिसते, आणि ते पिकल्यावर काळे होते. म्हणजे ती पाकळी स्वतःच एक स्वतंत्र फूल असते. दाट, गोंड्यासारख्या फुलात अशा पाकळ्या अधिक असतात. एकेरी फुलात मध्यभागी बारीक नळ्यांचा पिवळा ठिपका उघडा दिसतो. बाजारात गोंड्याला भाव मिळतो, एकेरी फुलाला मिळत नाही.

हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, आणि पोर्तुगीजांच्या मार्फत ते सोळाव्या शतकात भारतात आले असे मानले जाते. तरीही उंच वाढणाऱ्या, मोठ्या फुलाच्या जातीला जगभर ‘आफ्रिकन झेंडू’ म्हणतात आणि ठेंगण्या, तांबूस-तपकिरी छटेच्या जातीला ‘फ्रेंच झेंडू’ म्हणतात. ही नावे रुळली असली तरी त्यांचा मूळ देशाशी संबंध नाही. हार-तोरणासाठी आपल्याला आफ्रिकन झेंडू हवा असतो, ज्याचे शास्त्रीय नाव टॅजेटिस इरेक्टा आहे. आपल्या भागातील बियाण्यांच्या दुकानात पाकिटावर बहुधा कन्नडमधून ‘चेंडू हूवु’ असे लिहिलेले असते, हे नवख्या मराठी शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे, म्हणजे दुकानदाराशी बोलताना घोटाळा होत नाही.

उलटी मोजणी : शंभर दिवसांचा हिशेब

गेल्या काही वर्षांतील दसऱ्याच्या तारखा पाहा. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला, २०२५ साली २ ऑक्टोबरला, आणि २०२६ साली तो २० ऑक्टोबरला आहे. ज्या वर्षी दसऱ्याच्या आधी अधिक मास येतो, त्या वर्षी सण पुढे सरकतो आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा मागे येत राहतो. तीन वर्षांत बावीस दिवसांचा फरक पडतो आणि झेंडूच्या बाबतीत बावीस दिवस म्हणजे भाव आणि मातीमोल यांतला फरक असतो. त्यामुळे ‘गेल्या वर्षी अमुक तारखेला बी टाकले होते’ हा आधार धरू नये. पंचांग किंवा दिनदर्शिका उघडून दसऱ्याच्या तारखेपासून मागे मोजत यावे.

मी स्वतः ही चूक केली आहे. २०२४ साली ४ जुलैला बी टाकले आणि दसऱ्याला फूल अगदी वेळेवर आले, म्हणून २०२५ सालीही तीच तारीख धरली. त्या वर्षी दसरा दहा दिवस अलीकडे होता, हे मला घटस्थापना जवळ आल्यावर जाणवले. खंडेनवमीच्या पहाटे शेतात गेलो तेव्हा झाडे कळ्यांनी लगडलेली होती, पण प्रत्येक झाडावर उमललेली फुले जेमतेम दोन-चार होती. पुढे दिवाळीने बराचसा खर्च भरून काढला, तरी दसऱ्याचा सौदा गेला तो गेला.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संकरित वाणांसाठी आपल्या हवामानात पुढील हिशेब धरावा: दसऱ्याच्या १०० दिवस आधी बी टाकावे आणि ७५ दिवस आधी रोपांची लागण करावी. यात रोपवाटिकेचे २५ दिवस, शेंडा खुडल्यामुळे लांबणारे दिवस आणि पहिल्या तुरळक तोड्यानंतर फूल भरात येण्यासाठी लागणारे दहा दिवस हे सारे धरलेले आहे. २०२६ च्या दसऱ्यासाठी म्हणून १२ जुलैला बी पडले पाहिजे, म्हणजे ऐन तरण्या पावसात, आणि ६ ऑगस्टच्या आसपास, आश्लेषात, लागण झाली पाहिजे. लक्ष्मीपूजन दसऱ्यानंतर साधारण एकोणीस-वीस दिवसांनी येते आणि झेंडूचा बहर चांगला दीड महिना चालतो. म्हणून दसऱ्याचे गणित साधले की दिवाळीचे आपोआप साधते. उलट दिवाळी धरून लागण केली तर दसरा हातचा जातो.

हा शंभर दिवसांचा हिशेब सर्व वाणांना लागू नाही. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेला ‘पुसा नारंगी गेंदा’ हा उत्तम सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण आहे, पण त्याला पेरणीपासून फुलायला साधारण १२५ ते १३५ दिवस लागतात आणि ‘पुसा बसंती गेंदा’ हा पिवळा वाण त्याहूनही काही दिवस मागे राहतो. असे वाण घ्यायचे असतील तर बी जूनमध्येच टाकावे लागेल. पाकीट विकत घेताना रंग आणि फुलाचा आकार विचारण्याआधी किती दिवसांत फुलते हे विचारावे. झेंडूला लहान होत जाणारा दिवस मानवतो. दिवस मोठा असताना झाड पानोळ्यात वाढते आणि कळी उशिरा धरते, त्यामुळे लवकर लावले तर कळी तितकीच लवकर येईल असेही समजू नये.

जमीन आणि जागा

आपला जिल्हा एकसारखा नाही. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात सह्याद्रीच्या पायथ्याचा मुसळधार पाऊस आणि तांबडी जमीन आहे. चिकोडी, रायबाग, अथणीकडे जावे तसा पाऊस घटत जातो आणि काळी जमीन लागते. झेंडू दोन्हीकडे येतो, पण पाणी साचलेले त्याला एक दिवसही खपत नाही. पश्चिमेकडच्या शेतकऱ्याने भाताचे खाचर सोडून उताराचा माळ किंवा भरड निवडावी. पूर्वेकडे निचऱ्यासाठी उंच वरंबे करावेत आणि ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली तर पाणी देता येईल अशी सोय जवळ असावी. दोन्ही ठिकाणी दिवसभर ऊन मिळणारी जागाच घ्यावी. नारळ-आंब्याच्या सावलीत झाड उंच वाढते, फूल धरत नाही.

तांबड्या जमिनीत आम्लता अधिक असण्याची शक्यता असते. झेंडूला जमिनीचा सामू (पीएच) ६ ते ७.५ च्या दरम्यान चांगला मानवतो, म्हणून उन्हाळ्यातच माती तपासून घ्यावी आणि अहवालात शिफारस असेल तेवढाच चुना टाकावा. माती तपासणीबाबत आपल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करावी. अरभावीचे उद्यानविद्या महाविद्यालय हेही आपल्याच जिल्ह्यात आहे. फुलशेतीविषयी शंका असतील तर दुकानदाराला विचारण्याआधी तिथल्या जाणकारांना विचारणे अधिक शहाणपणाचे.

प्रथमच लावणाऱ्याने पाच गुंठ्यांहून अधिक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फूल तोडायला आले की ते थांबत नाही, आणि दसऱ्याच्या आधीच्या दोन दिवसांत गावात तोडणीला माणूस मिळत नाही. घरच्या चार माणसांना पहाटे उठून उरकता येईल एवढेच क्षेत्र पहिल्या वर्षी असावे.

रोपे तयार करणे

दोन फूट आणि दीड फूट अंतराने पाच गुंठ्यांत सुमारे १,८०० रोपे बसतात. त्यासाठी ९८ कप्प्यांचे २० प्रो-ट्रे लागतात, म्हणजे सांधणीसाठीही, मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, थोडी रोपे हाताशी राहतात. जुलैच्या पावसात उघड्या गादीवाफ्यावर रोपे करण्याचा हट्ट धरू नये. एका जोराच्या सरीत बी वाहून जाते किंवा रोपे मानेत कुजतात. पडवीत अथवा चार बांबूंवर प्लॅस्टिकचा कागद ताणून त्याखाली, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून उंच मांडणीवर ट्रे ठेवावेत.

कोकोपीट आदल्या दिवशी भिजवून ठेवावे. मुठीत दाबल्यावर एखादा-दुसरा थेंब बोटांतून निघेल इतकाच ओलावा त्यात असावा, त्याहून अधिक ओलावा हे रोपमरीचे आमंत्रण असते. दहा किलो कोकोपीटमध्ये शंभर ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळावे. झेंडूचे बी झाडूच्या काडीच्या तुकड्यासारखे लांबट असते, एक टोक काळे आणि दुसरे फिकट. ते प्रत्येक कप्प्यात आडवे ठेवून अर्धा सेंटीमीटर जाडीच्या थराने झाकावे. मग ट्रे एकावर एक रचून वरून कागद घालावा. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उचलून पाहावे आणि पहिले कोंब वर दिसताच, संध्याकाळपर्यंतही न थांबता, ट्रे सुटे करून उजेडात मांडावेत. एक दिवस उशीर झाला तरी रोपे पांढुरकी आणि लांबट होतात आणि तशी रोपे पुढे कधी सावरत नाहीत.

पाणी सकाळी, बारीक झारीने द्यावे; संध्याकाळी कोकोपीटचा वरचा थर कोरडा दिसला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात रोपे मानेत बारीक होऊन आडवी पडू लागली तर तो ट्रे बाजूला काढावा आणि उरलेल्या ट्रेंना लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी करावी, म्हणजे ते द्रावण रोपांच्या मुळाशी ओतावे. रोपे २० ते २५ दिवसांत चार-पाच पानांवर येतात. लागणीच्या आधी तीन-चार दिवस पाणी थोडे तोडावे आणि पाऊस नसेल तेव्हा ट्रे उघड्यावर ठेवावेत, म्हणजे रोप काटक होते.

ज्यांना हे सारे जमणारे नाही, त्यांनी रोपवाटिकेतून रोपे घेण्यास हरकत नाही. परंतु मागणी जूनमध्येच नोंदवावी, वाणाचे नाव आणि बी टाकल्याची तारीख लिहून घ्यावी, आणि तीस दिवसांपेक्षा जुने, ट्रेमध्येच कळी धरलेले रोप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

लागण

पाच गुंठ्यांना एक टन चांगले कुजलेले शेणखत पुरते. ज्यांच्या रानात उन्हाळ्यात मेंढ्या बसवल्या असतील त्यांनी शेणखत निम्मे केले तरी चालेल. शेवटच्या कुळवणीनंतर दोन फुटांवर सऱ्या सोडाव्यात. पश्चिम भागात वरंबा वीतभर उंच असावा आणि प्रत्येक सरीचे पाणी शेताबाहेर जाईल असा चर उताराला काढून ठेवावा. लागणीच्या वेळी आठ किलो डीएपी आणि सहा किलो म्युरेट ऑफ पोटॅश वरंब्याच्या बगलेत मातीआड करावे. युरिया एकूण आठ किलो लागतो, तो दोन हप्त्यांत द्यावा: चार किलो लागणीनंतर पंधरा दिवसांनी आणि चार किलो शेंडा खुडल्यानंतर. माती तपासणीचा अहवाल हाती असेल तर हे प्रमाण बाजूला ठेवून अहवाल पाळावा. उसाच्या सवयीने युरियाचा हात सैल सोडणाऱ्यांना मी विशेष सांगतो की जास्त नत्राने झाड कमरेच्या वर जाते, हिरवेगार दिसते, आणि दसऱ्याला त्यावर पानेच पाने असतात.

लागण दुपार कलल्यावर करावी. रोप खाली धरल्यावर त्याच्या देठाकडे नीट पाहावे: पहिल्या पानांच्या खाली देठावर बारीक पांढरट गाठी दिसतात. त्या मुळ्यांच्या सुरुवाती आहेत. रोप त्या गाठींसह, पहिल्या पानांपर्यंत मातीत गेले तर तिथूनही मुळ्या फुटतात आणि झाड पुढे वाऱ्याला घट्ट राहते. मातीचा बोळा फुटू न देता रोप ठेवावे, बाजूची माती हलकेच दाबावी आणि पाऊस नसेल तर लगेच पाणी द्यावे. आठवड्याभरात मेलेल्या रोपांच्या जागी सांधणी करावी. त्यानंतर केलेली सांधणी मागे राहते आणि दसऱ्याला उपयोगी पडत नाही.

पहिली भांगलण लागणीनंतर पंधरा दिवसांनी, युरियाचा पहिला हप्ता देण्यापूर्वी करावी. दुसरी भांगलण महिन्याने करताना झाडाच्या बुडाशी मातीची भर लावावी.

शेंडा खुडणे

नवख्यांचा हात सर्वांत अधिक या कामाला कचरतो. लागणीनंतर २० ते २५ दिवसांनी, झाड वीतभरापेक्षा थोडे उंच झाले की मधला शेंडा अंगठा आणि तर्जनीच्या नखांनी दोन पानजोड्यांइतका खुडून टाकायचा. शेंडा कोवळा असेल तर ‘टक्’ असा आवाज होऊन तो तुटतो आणि हाताला झेंडूचा उग्र वास लागतो. तो तुटण्याऐवजी सालीसकट सोलत येत असेल तर आपण उशीर केला आहे असे समजावे. शेंडा गेल्यावर खालच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फांदी फुटते, झाड डेरेदार होते, आणि एका मोठ्या फुलाच्या जागी आठ-दहा फुले एका वेळी येतात.

पहिले फूल यामुळे आठ-दहा दिवस उशिरा येते, हे विसरू नये. दसऱ्याला साधारण पन्नास दिवस असताना हे काम उरकलेले असावे. काही कारणाने लागण उशिरा झाली आणि दसऱ्याला पंचेचाळीस दिवसही उरले नसतील तर शेंडा मुळीच खुडू नये. फुले थोडी कमी येतील, पण सणाआधी येतील. खुडलेले निरोगी शेंडे फेकूनही देऊ नयेत. त्यांतले बोटभर लांबीचे शेंडे, खालची पाने काढून, रिकाम्या झालेल्या ट्रेमध्ये ओल्या कोकोपीटात खोचले आणि सावलीत ठेवले तर त्यांना दोन आठवड्यांच्या आसपास मुळ्या फुटतात, आणि परसातल्या एखाद्या वाफ्यात दिवाळीपुरती झाडे फुकट तयार होतात.

आधार, पाऊस आणि रोग-किडी

सप्टेंबरच्या मध्यापासून झाड फांद्या-कळ्यांनी जड होते आणि त्याच सुमारास उत्तरा आणि हस्ताचे पाऊस येतात. गोंड्याचे फूल स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. एका रात्रीच्या पावसाने फांद्या बुंध्यापासून फाटतात. म्हणून प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये दहा-बारा फुटांवर बांबूच्या खुंट्या रोवून दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून घ्यावी. मोठा पाऊस थांबल्यावर ओळीतून फिरून सुतळी हलवली तरी फुलांतले बरेच पाणी झडते. पाण्याने तपकिरी झालेली फुले त्याच दिवशी खुडून शेताबाहेर न्यावीत, कारण राखाडी बुरशी त्यांच्यावरूनच शेजारच्या कळ्यांवर जाते.

पावसाळी हवेत पानांवर तपकिरी ठिपके येऊन ती खालून वर करपत जातात. खालची रोगट पाने काढून लिटरला अडीच ग्रॅम मॅन्कोझेबची फवारणी करावी. हवा कोरडी झाल्यावर पानांवर पांढरी भुकटी दिसली तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, उन्हाची वेळ टाळून, फवारावे. ऑक्टोबरच्या उन्हात लाल कोळी येतो. पानाच्या पाठीमागे बोट फिरवल्यावर विटकरी डाग उमटला आणि शेंड्याला बारीक जाळे दिसले तर तो आलाच म्हणून समजावे. गंधकाने तोही आटोक्यात राहतो. कळीला भोक पाडणारी हिरवी अळी पहाटे हाताने वेचणे पाच गुंठ्यांत सहज शक्य असते, आणि कळ्या धरताना पंधरा दिवसांच्या अंतराने पाच टक्के निंबोळी अर्काच्या दोन फवारण्या केल्या तर बहुधा अधिक काही करावे लागत नाही.

फुले सुरू झाल्यावर तीव्र कीटकनाशके फवारू नयेत, हे मी कळकळीने सांगतो. हे फूल कोणी धुऊन घेत नाही. हार गुंफणाऱ्या बायका दिवसभर ते हातात धरतात, सुई तोंडात धरतात, त्यांची मुले शेजारी बसलेली असतात, आणि तेच फूल पुढे देवघरात जाते. डब्यावरील मजकूर बहुधा कन्नड व इंग्रजीत असतो; वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून प्रमाण आणि शेवटची फवारणी ते तोडणी यांतले दिवस समजून घ्यावेत.

तोडणी आणि बाजार

दव उडाल्यावर आणि ऊन तापण्यापूर्वी तोडणी करावी. फूल पूर्ण उमललेले, पण मागची हिरवी वाटी घट्ट असलेले हवे. गणपत गल्लीत हार करणाऱ्या एका मावशींनी मला पहिल्या वर्षी हे हातात फूल देऊन शिकवले होते: “वरनं बघू नको बाळा, खालनं दाबून बघ. देठाकडं मऊ लागलं म्हंजे सुई लावल्याबरोबर पाकळ्या गळतात बघ.” तेव्हापासून मी प्रत्येक तोड्यात पाच-सहा फुलांची वाटी दाबून पाहतो. फूल देठाच्या अगदी थोड्या भागासह तोडावे, ओरबाडू नये. ओरबाडल्याने शेजारची कळी हमखास तुटते.

तोडलेली फुले बांबूच्या बुट्टीत किंवा भोके असलेल्या क्रेटमध्ये, सावलीत ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पोत्यात दाबून भरलेली फुले दोन-तीन तासांत आतून तापतात आणि घाम धरून काळी पडतात. वजन वाढावे म्हणून फुलांवर पाणी मारण्याचा मोह टाळावा. घेणारा ओल्या फुलाला घट धरतोच आणि पुढच्या खेपेला कोरड्या फुलालाही धरतो. आदल्या दिवशी संध्याकाळी शेताला हलके पाणी दिले तर फूल ताठ राहते आणि त्याचे वजनही सरळ मार्गाने टिकते.

पहिल्या तोड्यात पाच गुंठ्यांतून दहा-वीस किलोच फूल निघाले तर निराश होऊ नये. पुढचे तोडे तीन-चार दिवसांच्या अंतराने वाढत जातात. नीट जमलेल्या पिकात पाच गुंठ्यांतून हंगामभरात पाचशे ते सातशे किलो फूल निघते. दसऱ्यासाठीचा मुख्य तोडा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी व्हावा, कारण घाऊक घेणाऱ्यांची खरेदी त्या दिवशी दुपारपर्यंत आटोपते. त्यासाठी आठवडाभर आधीचा तोडा वेळेवर करून झाड मोकळे ठेवावे. भावाच्या आशेने फुले झाडावर राखून ठेवली तर ती जून होतात आणि नवी कळी अडते.

विक्रीची बोलणी पंधरा दिवस आधी करावी. बेळगाव शहरातील हारवाले, जवळची देवस्थाने, कारखाने, वाहनांची दुकाने यांना थेट फूल दिल्यास अडत वाचते; पाच गुंठ्यांच्या शेतकऱ्याला एवढीच गिऱ्हाइके पुरतात. माल अधिक असेल तर कोल्हापूर, हुबळी आणि गोव्याच्या बाजारांचा पर्याय आहे, पण सणाच्या आदल्या रात्री लांबचा प्रवास करून माल उशिरा पोहोचला तर भाड्याचे पैसेही निघत नाहीत. दसऱ्याच्या दुपारनंतर भाव एकदम कोसळतो, आणि त्या दिवशी उरलेले फूल मिळेल त्या भावाने देऊन मोकळे व्हावे. मग झाडावरची सर्व जून फुले काढून टाकावीत, हलके पाणी द्यावे, आणि दिवाळीचा बहर तयार होऊ द्यावा.

पीक संपल्यावर

तुळशीच्या लग्नापर्यंत थोडी फुले मिळत राहतात. त्यानंतर झाडे उपटून बांधावर फेकण्याऐवजी तुकडे करून तिथेच गाडावीत. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींना मारक असे द्रव्य असते, म्हणून त्या जागी पुढे टोमॅटो, वांगी किंवा मिरची केल्यास मुळांवर गाठी कमी येतात. टोमॅटो करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करून पाहावी: टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी, आणि लागणीच्या वेळी टोमॅटोचे रोप पंचवीस दिवसांचे असेल तर झेंडूचे चाळीस दिवसांचे असावे. दोन्ही एकाच वेळी फुलावर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो.

दसऱ्याचे वाळलेले तोरण चुरून त्याचे बी अंगणात टाकण्याची आपली जुनी रीत आहे आणि घरच्या फुलांसाठी ती चालू ठेवावी. विक्रीच्या शेतासाठी मात्र संकरित वाणाचे असे बी वापरू नये. त्यातून उंच-बुटकी, लवकर-उशिरा फुलणारी आणि बरीचशी एकेरी फुलांची झाडे निघतात, आणि आपण जपलेले तारखांचे सारे गणित त्यात विस्कटते. सरळ वाणाचे बी ठेवायचे असेल तर सर्वांत डेरेदार आठ-दहा झाडांना आधीच दोरा बांधून ठेवावा, त्यांची फुले झाडावरच वाळू द्यावीत, आणि वाटी तपकिरी झाल्यावर तोडून आठवडाभर सावलीत सुकवून कागदी पाकिटात भरावीत. पाकिटावर वाणाचे नाव आणि पुढच्या वर्षी बी टाकण्याची तारीखही लिहावी. २०२७ चा दसरा ९ ऑक्टोबरला आहे, म्हणजे शंभर दिवसांच्या वाणासाठी त्या पाकिटावर १ जुलै ही तारीख येईल.